मर्कलची माघार आणि ओ'डे यांचा निवाडा

बेसबॉलमध्ये सामन्याच्या अंतिम क्षणी दिलेल्या पंचनिर्णयांची चर्चा निघाली, की २३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर घडलेल्या प्रकरणास, माझ्या मते, अग्रमान द्यावा लागतो. जायंट्स आणि शिकागो कब्स यांची १-१ अशी बरोबरी असता, नवव्या डावात दोन गडी बाद झाल्यावर जायंट्सच्या ब्रिडवेलने चेंडू टोलवला, तिसऱ्या बेसवरील मॅकॉर्मिक होम प्लेटवर पोहोचला आणि, सामना जिंकला अशा समजुतीने प्रेक्षकांचा लोंढा मैदानात उतरत असताना, पहिल्या बेसवरून निघालेला १९ वर्षांचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला स्पर्श न करताच माघारी वळला. तेवढ्यात कब्सच्या जॉनी एव्हर्सने चेंडू पैदा करून (तो मूळचाच होता काय, हा वाद आजतागायत मिटलेला नाही!) दुसऱ्या बेसवर पाय ठेवला व दाद मागितली.

तिसरा गडी 'फोर्स आउट' झाल्यास (म्हणजे पुढच्या बेसकडे जाणे भाग असलेला धावपटू तेथे पोहोचण्याआधीच प्रतिस्पर्ध्याने चेंडूसह त्या बेसला स्पर्श केल्यास) त्या खेळीतील धाव धरली जात नाही, हा नियम जुनाच. अंमल मात्र शिथिल. परंतु त्याच महिन्यात पिट्सबर्गला, प्रसंग आपल्या नजरेस आला नाही म्हणून, एव्हर्सची अशीच फिर्याद नामंजूर करणारे पंच हँक ओ'डे या खेपेस सावध होते. त्यांनी मर्कलला बाद ठरवले; त्यामुळे धाव रद्द होऊन सामना बरोबरीतच राहिला. ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा झाला, तो कब्सने ४-२ असा जिंकला आणि पुढे जागतिक मालिकाही पटकावली. मर्कलला जन्मभर चिकटलेली 'बोनहेड' (मठ्ठ) ही उपाधी मला अन्यायाची वाटते, कारण असे माघारी फिरणे तेव्हा सर्रास चाले. ओ'डे यांचा निर्णय मात्र नियमास धरूनच होता.