विश्लेषण : ठाण्याला १८ आमदार, सिंधुदुर्गला तीनच; जिल्ह्यांच्या विधानसभा जागा ठरतात कशा?

२०२४च्या विधानसभा निवडणुकीत पनवेल आणि चिंचवड या मतदारसंघांत प्रत्येकी साडेसहा लाखांच्या आसपास मतदार होते. सिंधुदुर्गच्या तीन मतदारसंघांत हीच सरासरी साधारण सव्वादोन लाख. निवडून येणारा आमदार मात्र दोन्हीकडे एकच. म्हणजे कुडाळमधल्या एका मताचे वजन पनवेलच्या जवळपास तीन मतांइतके. हा फरक आला कुठून आणि तो कधी मिटणार?

राज्यात २८८ जागाच का?

१९६२मध्ये विधानसभेच्या २६४ जागा होत्या, १९६७ आणि १९७२मध्ये २७०. १९७१च्या जनगणनेनंतर त्या २८८ झाल्या आणि १९७८ची निवडणूक या संख्येवर झाली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून ४२व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली. ८४व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. १९७१मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे पाच कोटी होती, २०११मध्ये ११ कोटी २४ लाख झाली. आमदार तेवढेच राहिले.

मग जिल्ह्यांच्या जागा बदलल्या कशा?

एकूण संख्या गोठली, तरी राज्यांतर्गत वाटप बदलण्याची मुभा होती. न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ची जनगणना आधार धरून हे काम केले. २००९ची निवडणूक नव्या रचनेनुसार झाली आणि आजही तीच रचना लागू आहे.

गणित सोपे आहे. २००१मधील राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख. तिला २८८ने भागले की एका जागेमागे ३ लाख ३६ हजार येतात. जिल्ह्याच्या लोकसंख्येला या आकड्याने भागायचे, की त्याच्या वाट्याच्या जागा मिळतात. रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९७ हजार, उत्तर ५.०४, म्हणून पाच जागा. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ८१ लाख ३२ हजार, उत्तर २४.१७, म्हणून २४ जागा. मतदारसंघ शक्यतो एकाच जिल्ह्याच्या हद्दीत ठेवायचा असल्याने आधी जिल्ह्याचा आकडा ठरतो आणि नंतर मतदारसंघांच्या सीमा.

कोणाचे वाढले, कोणाचे घटले?

ठाण्याच्या जागा १३वरून थेट २४ झाल्या. २०१४मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर त्यांची विभागणी १८ आणि सहा अशी झाली. रत्नागिरीच्या जागा मात्र सातवरून पाचवर आल्या. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ नकाशावरून पुसले गेले. सिंधुदुर्गच्या चारच्या तीन झाल्या. मालवण मतदारसंघ संपला आणि तिथून निवडून येणारे नारायण राणे २००९मध्ये कुडाळमधून लढले.

यामागची गोष्ट कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. चाकरमानी पोटासाठी मुंबईला गेला, पुढे डोंबिवली, विरारला स्थिरावला. शिमगा-गणपतीला तो गावी येतो. पण जनगणनेत त्याची मोजणी शहरात होते आणि आमदारही तिकडेच वाढतो.

आता पुढे काय?

जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख केंद्र सरकारने जून २०२५मध्ये अधिसूचित केली. २०२६नंतरची पहिली जनगणना हीच.

चित्र कसे बदलू शकते, याचा अंदाज २०११च्या आकड्यांवरून येतो. एकूण जागा २८८ धरून आम्ही तोच भागाकार केला. हे अधिकृत वाटप नव्हे.

- ठाणे व पालघर मिळून : २४ऐवजी २८
- पुणे : २१ऐवजी २४
- मुंबई उपनगर : २६ऐवजी २४
- मुंबई शहर : १०ऐवजी ८
- रत्नागिरी : पाचऐवजी चार
- सिंधुदुर्ग : तीनऐवजी दोन

२००१ ते २०११ या काळात मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. एकेकाळी मनीऑर्डरने जोडलेला गिरणगाव आणि कोकण आता याही हिशेबात एकत्र आले आहेत.

एकूण जागाही वाढल्या तर? राज्यघटनेनुसार विधानसभेत ५००पर्यंत सदस्य असू शकतात. जागा वाढल्यास लहान जिल्ह्यांचा आकडा कायम राहू शकतो, पण सभागृहातला त्यांचा वाटा तरीही घटेल.

सामान्य मतदाराला याने काय फरक पडतो?

आमदार निधी प्रत्येक आमदाराला सारखाच मिळतो. तो पनवेलमध्ये तिप्पट लोकांत वाटला जातो, म्हणून शहरांची तक्रार रास्त आहे. दुसरीकडे, दोनच आमदार उरले तर दोडामार्गपासून वैभववाडीपर्यंतचा डोंगराळ मुलूख कोण फिरणार, हा प्रश्नही खोटा नाही. परिसीमन कायद्यात लोकसंख्येसोबत भौगोलिक रचना आणि दळणवळणाच्या सोयी विचारात घेण्याची तरतूद आहे.

आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती-सूचना मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. आयोगावर सहयोगी सदस्य म्हणून खासदार-आमदार असतात, पण त्यांना मताधिकार नसतो. आपले गाव किंवा प्रभाग कोणत्या मतदारसंघात जाणार, यावर नागरिकाला लेखी म्हणणे मांडता येते ते याच टप्प्यावर. त्यानंतर निघणारा अंतिम आदेश पुढच्या अनेक निवडणुकांसाठी लागू राहतो.