पोटातील आग आणि तिच्यावरील औषधे

पोटात जळजळले की आपल्या मुरुडात प्रथम आठवतो खाण्याचा सोडा. चिमूटभर पाण्यातून घ्यावा, ढेकर यावी, बरे वाटावे. यात जादू काही नाही. जठर पचनासाठी तीव्र आम्ल तयार करते. सोडा ते मारतो आणि त्यातून वायू सुटतो. बाटलीतले पांढरे पातळ औषधही हेच करते. परंतु आम्लाचा कारखाना चालूच राहतो, म्हणून जळजळ परत येते.

दुसऱ्या जातीची औषधे कारखान्यालाच हात घालतात. हिस्टामिन नावाचे द्रव्य जठरातील पेशींना आम्ल सोडण्याचा निरोप देते. १९७६ साली बाजारात आलेले सिमेटिडिन तो निरोप अडवते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही तिसरी जात. ती आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद पाडते. पंप जेवणाने जागा होतो आणि औषध चालू पंपालाच धरते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावयाची.

पण जठराला व्रण पडतो कशाने? काळजी, तिखट, रात्रपाळी, असे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो; म्हणजे दोष रोग्याचाच! १९८२ साली आमचे वडीलधारे मुंबईच्या गिरणी संपात होते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी रोग्यांच्या जठरातून एक वाकडा जंतू वाढवून दाखविला. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ साली मार्शल स्वतः तो जंतू प्याले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूचा व्रण प्रतिजैविके व पंपाची गोळी यांच्या सुमारे दोन आठवड्यांच्या उपचाराने सहसा कायमचा जातो.

दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्या. ओझी वाहून पाठ दुखते, कामगार गोळी घेतो. ती गोळी जठराचे रक्षण करणारे अस्तरच दुबळे करते. हे काम ती रक्तातूनही करते, म्हणून जेवून घेतली तरी धोका पुरता टळत नाही. मग जळजळीवर दुसरी गोळी सुरू होते.

संघटनेच्या कामात आम्ही एक शिकलो : तक्रार दाबली म्हणजे ती मिटली असे नव्हे. रोज गोळी लागत असेल तर डॉक्टरांना विचारा, 'जंतूची तपासणी करावी काय?' घेत असलेल्या सर्व गोळ्या त्यांना दाखवा. आणि शौचास डांबरासारखे काळे झाले किंवा रक्ताची उलटी झाली, तर सोडा शोधत बसू नका; तडक रुग्णालय गाठा.