पाय मंचावर, नजर पंचावर : सांडाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 28 सप्टेंबर 2023 रोजी वुशूच्या सांडा प्रकारात महिलांच्या 60 किलो गटाची अंतिम लढत झाली. मणिपूरची रोशिबिना देवी चीनच्या वू शियाओवेईकडून 0-2 अशी हरली आणि भारताला रौप्यपदक मिळालं. फुटबॉलच्या सवयीने हा आकडा वाचणाऱ्याला वाटेल, आपल्या खेळाडूला एकही गुण घेता आला नाही. प्रत्यक्षात त्या आकड्याचा गुणांशी संबंधच नाही.

सांडा हा वुशू या चिनी युद्धकलेतला थेट लढतीचा खेळ. ठोसा, लाथ आणि पाडण्याचे डाव असं तिन्ही त्यात चालतं. पदकांमुळे त्याचं नाव आपल्याकडे पोचलं, शालेय क्रीडा स्पर्धांतही वुशू आलं. नियम मात्र फारसे कुणी समजावून सांगितले नाहीत. मग जो तो कराटे, बॉक्सिंग नाहीतर कुंग फूच्या सिनेमाचा चष्मा लावून ही लढत पाहतो. आंतरराष्ट्रीय वुशू महासंघाच्या हौशी स्पर्धांमध्ये जे नियम रूढ आहेत, त्यांच्या आधाराने काही ठळक गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : कुंग फूची लढत म्हणजे सगळं माफ.

वस्तुस्थिती : वुशूच्या दोन शाखा आहेत. ताओलू म्हणजे एकट्याने किंवा गटाने सादर करायच्या हालचालींची रचना. त्यात गुण सफाईला आणि कठीणपणाला मिळतात. सांडात समोर प्रतिस्पर्धी असतो. उंच मंचावर समोरासमोर लढण्याची परंपरा चीनमध्ये जुनी आहे. 1928 मध्ये नानजिंगला आणि 1929 मध्ये हांगझोऊला अशा मोठ्या स्पर्धा भरल्या. अंगावर संरक्षक साधनं फारशी नव्हती आणि दुखापती गंभीर झाल्या. आजचा सांडा घडला तो त्यानंतर अर्ध्या शतकाने. 1979 मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने जजियांग प्रांताचा संघ, बीजिंगची क्रीडा संस्था आणि वुहानची क्रीडा संस्था अशा तीन ठिकाणी प्रयोग सुरू केले. कोणते मार चालू द्यायचे, साधनं कोणती हवीत, गुण कसे मोजायचे, हे तिथे लढती घेऊन पाहिलं गेलं. 1990 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, 1991 मध्ये बीजिंगला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत पुरुषांचा सांडा दाखल झाला.

गैरसमज : 0-2 म्हणजे हरणाऱ्याला गुणच मिळाले नाहीत.

वस्तुस्थिती : हा आकडा जिंकलेल्या फेऱ्यांचा आहे. लढत जास्तीत जास्त तीन फेऱ्यांची असते. प्रत्येक फेरी दोन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. दोन फेऱ्या जिंकणारा लढत जिंकतो आणि पहिल्या दोन एकानेच जिंकल्या तर तिसरी होतच नाही. एका फेरीचे गुण पुढच्या फेरीत जात नाहीत. समजा एखाद्याने पहिली फेरी 12-2 अशी घेतली आणि पुढच्या दोन 5-6 अशा गमावल्या. एकूण गुण त्याचेच जास्त, तरी लढत तो हरला. त्यामुळे मोठ्या आघाडीला इथे फारशी किंमत नाही, आणि पहिली फेरी गमावलेल्याला दुसऱ्या फेरीत पुन्हा शून्यापासून सुरुवात मिळते.

गैरसमज : जो जास्त ठोसे मारेल तो जिंकेल.

वस्तुस्थिती : ठोशाला एक गुण. मांडीवर बसलेल्या लाथेलाही एकच. धडावर किंवा डोक्यावर बसलेल्या लाथेला दोन. आपण उभं राहून समोरच्याला खाली पाडलं तर दोन. म्हणजे एक स्वच्छ डाव दोन ठोशांची बरोबरी करतो. शिवाय स्पर्श झाला म्हणून गुण मिळत नाही. मार डोकं, धड किंवा मांडी यांपैकी गुण मिळणाऱ्या जागी, स्पष्ट आणि परिणाम दिसेल असा बसावा लागतो. हातावर अडवलेली लाथ, झटापटीत इकडेतिकडे लागलेले ठोसे, नुसतं घासून गेलेलं पाऊल यांना काही नाही.

याच गुणपद्धतीतून सांडाची खास शैली तयार झाली. लाथ मारणारा क्षणभर एका पायावर असतो. समोरच्याने तोच पाय पकडून त्याला आडवा केला की डाव उलटतो आणि दोन गुण पकडणाऱ्याच्या खात्यात जातात. दोन गुण मिळवायला निघालेला दोन गमावून बसतो. म्हणून चांगला सांडापटू लाथ जितक्या वेगाने मारतो, तितक्याच वेगाने पाय परत घेतो.

गैरसमज : पाडल्यावर दाबून धरावं लागतं, किंवा खालीच मारामारी चालू राहते.

वस्तुस्थिती : कुस्ती पाहणारा माणूस पाठ टेकण्याची वाट पाहतो. सांडात चितपट करण्याची गरजच नाही. पावलांखेरीज शरीराचा कोणताही भाग, अगदी हात किंवा गुडघासुद्धा, मंचाला लागला की ते पडणं मोजलं जातं. पंच लगेच ‘थिंग’ म्हणजे ‘थांबा’ म्हणतो आणि दोघांना उभं करतो. खाली पडलेल्याच्या डोक्यावर मारणं हा गुन्हा आहे. दोघंही पडले तर नंतर पडणाऱ्याला एक गुण आणि एकदमच पडले तर कुणालाच नाही. मुद्दाम जमिनीवर झोकून देऊन पायांच्या कात्रीने पाडण्याचे डाव वैध आहेत. पण असा डाव टाकणारा तीन सेकंदांत उठला नाही तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो.

मिठी मारून वेळ काढायलाही वाव नाही. पकड घेतल्यावर जेमतेम दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात डाव लागला तर लागला, नाहीतर पंच दोघांना सोडवतो. त्यामुळे इथे फेकण्याची घाई असते आणि डाव छोटे, धारदार असतात.

गैरसमज : मंचावरून पडणं हा अपघात.

वस्तुस्थिती : मंच आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि 80 सेंटिमीटर उंच असतो. बॉक्सिंगसारखे दोर नसतात. कडेपासून 90 सेंटिमीटर आत इशाऱ्याची पिवळी पट्टी असते आणि खाली चारही बाजूंना जाड गाद्या अंथरलेल्या असतात. प्रतिस्पर्धी खाली गेला आणि आपण वर राहिलो तर दोन गुण. एकाच फेरीत कुणी दोनदा खाली पडला तर गुण काहीही असोत, ती फेरी प्रतिस्पर्ध्याची. दोघं एकत्र खाली गेले तर गुण कुणालाच नाहीत.

दोर नसल्यामुळे लढतीचं गणितच बदलतं. मागे सरकत राहणं धोक्याचं ठरतं आणि मंचाचा मध्य धरून ठेवणाऱ्याचं पारडं जड होतं. कडेला रेटला गेलेला हुशार खेळाडू ऐन वेळी बाजूला वळतो आणि जोरात येणाराच आपल्या वेगाने खाली जातो. पिवळी पट्टी दिसली की अनुभवी प्रेक्षक सावरून बसतो तो यासाठी.

गैरसमज : मधला पंच गुण देतो आणि निकाल तोच ठरवतो.

वस्तुस्थिती : मंचावरच्या पंचाचं काम लढत चालवण्याचं आहे. ‘युबेई’ म्हणजे तयार, ‘खाइशी’ म्हणजे सुरू आणि ‘थिंग’ या आज्ञा तो देतो. कोण पडलं, कोण खाली गेलं, कुणी नियम मोडला आणि जोराचा मार बसलेल्या कुणावर आकडे मोजायचे हे तो हाताच्या खुणांनी जाहीर करतो. ठोसे आणि लाथांचे गुण मंचाभोवती बसलेले बाजूचे पंच आपापले नोंदवतात. मोठ्या स्पर्धांत ते पाच असतात. फेरी कोणाची हे त्यांच्या बहुमताने ठरतं आणि या सगळ्यांवर मुख्य पंचाची देखरेख असते. वेळ पाहणारा, नोंदी ठेवणारा आणि डॉक्टर वेगळे.

बाजूच्या पंचांना वेगवेगळ्या दिशांना बसवण्यामागे साधं कारण आहे. लाथ पोटावर बसली की कोपरावर अडली, हे एका बाजूने दिसतं आणि दुसऱ्या बाजूने खेळाडूची पाठच आड येते. त्यामुळे गॅलरीतून आपल्याला दिसलेला मार फलकावर आला नाही, तर लगेच पक्षपाताचा आरोप करण्याआधी आपली खुर्ची कुठे आहे ते पाहिलेलं बरं.

गैरसमज : गुण सारखे झाले की नशिबाचा खेळ.

वस्तुस्थिती : फेरीत बरोबरी झाली तर क्रम ठरलेला आहे. आधी ज्याला ताकीद (धोकादायक चुकीची शिक्षा) कमी वेळा मिळाली तो विजयी. तिथेही बरोबरी असेल तर ज्याला समज (तांत्रिक चुकीची शिक्षा) कमी वेळा मिळाली तो. त्यातही फरक नसेल तर त्या दिवशीच्या वजनात जो हलका भरला तो. पुरुषांचे गट 48 किलोपासून 90 किलोच्या वरपर्यंत असतात. 60 किलोच्या गटात 59 भरलेला आणि काठावर 60 भरलेला यांच्यातला तो एक किलो एखादी फेरी फिरवू शकतो.

गैरसमज : नियम मोडला तरी पंच नुसते ओरडतात, आणि लागल्याचं सोंग केलं की लढत जिंकता येते.

वस्तुस्थिती : गुन्हे दोन प्रकारचे मानले आहेत. तांत्रिक चुकीला समज मिळते आणि प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात एक गुण जातो. हरत असताना हात वर करून विश्रांती मागणं, मुद्दाम वेळ काढणं, दातांचं संरक्षक थुंकून टाकणं, पंचाशी उद्धटपणा करणं, ठरलेला नमस्कार टाळणं हे सगळं यात येतं. शरीराला धोका पोचवणाऱ्या चुकीला ताकीद मिळते आणि तिचे दोन गुण प्रतिस्पर्ध्याला जातात. डोक्याचा मागचा भाग, मान आणि जांघ इथे मारणं, डोकं, कोपर किंवा गुडघा वापरणं, सांधे पिळणं, डोक्यावर आपटेल असं फेकणं, ‘खाइशी’च्या आधी किंवा ‘थिंग’नंतर मारणं हे त्यातले मुख्य गुन्हे. अशा शिक्षांचे सहा गुण झाले की खेळाडू त्या लढतीतून बाद. जाणूनबुजून जखमी करणाऱ्याची तर स्पर्धेतली सगळी कामगिरीच रद्द होऊ शकते.

सोंगाचाही बंदोबस्त आहे. समोरच्याने नियम मोडला म्हणून लोळणाऱ्याला आधी डॉक्टर तपासतो. दुखापत खोटी निघाली तर लढत सोंग करणाऱ्याच्या हातून जाते.

गैरसमज : हेडगार्ड आहे, मग भीती कसली? किंवा याउलट : हा तर रक्तबंबाळ व्यावसायिक खेळ.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची. हौशी लढतीत ग्लोव्हज, हेडगार्ड, छातीचं कवच, दातांचं संरक्षक आणि जांघेचं कवच घालावं लागतं. 2000 मध्ये चीनमध्ये सुरू झालेल्या ‘सांडाचा राजा’ या व्यावसायिक स्पर्धेत खेळाडू उघड्या अंगाने लढायचे आणि गुडघ्याचा मारही चालायचा. त्या चित्रफिती पाहून हौशी सांडाचा अंदाज बांधणं म्हणजे वेगळाच खेळ पाहणं.

तरीही मार खरा असतो आणि हेडगार्ड घातल्याने मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत नाव नोंदवताना रक्तदाब, हृदयाचा आणि मेंदूचा आलेख असा वैद्यकीय अहवाल आणि विम्याचा पुरावा मागतात. जोराचा मार बसून खेळाडू डळमळला, तर पंच लढत थांबवून आठपर्यंत आकडे मोजतो आणि प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळतात. एका फेरीत दोनदा अशी मोजणी झाली तर फेरी जाते. एका लढतीत तीनदा झाली तर लढतच जाते. खेळाडू फारच तोकडा पडत असेल, तर मुख्य पंचाच्या संमतीने लढत मध्येच संपवता येते. चांगल्या पंचाची परीक्षा इथेच होते : गर्दीला आणखी हवं असताना ‘थिंग’ म्हणायला तो किती उशीर लावतो, यावरून त्याची पारख करावी.

गैरसमज : हा चिनी लोकांचाच खेळ, आणि मुलींना नियम सौम्य.

वस्तुस्थिती : मंच, गुण, वेळ आणि शिक्षा महिला-पुरुषांना सारख्याच, वजनगट तेवढे वेगळे. आशियाई स्पर्धेत महिलांचा सांडा 2010 मध्ये ग्वांगझोऊला आला आणि त्याच वर्षी संध्याराणी देवीने भारतासाठी रौप्य जिंकलं. 2017 मध्ये कझानच्या जागतिक स्पर्धेत पूजा कादियानने 75 किलो गटात सुवर्ण मिळवलं. वुशूतलं भारताचं ते पहिलं जागतिक सुवर्ण. 2019 मध्ये शांघायला प्रवीण कुमारने 48 किलो गटात सुवर्ण जिंकलं. ऑलिंपिकच्या पदकांमध्ये मात्र सांडा अजून नाही. 2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या दिवसांत वुशूची स्पर्धा झाली खरी, पण तिची पदकं ऑलिंपिकच्या हिशेबात धरली गेली नाहीत.

स्थानिक पातळीवर या चौकटीत फरक पडू शकतो. नियमपुस्तकात वेळोवेळी बदल होतात आणि लहान वयोगटांसाठी सवलती ठेवल्या जातात. म्हणून मुला-मुलीचं नाव देण्याआधी पालकांनी आयोजकांकडून स्पर्धेचं परिपत्रक मागून घ्यावं आणि तीन गोष्टी विचाराव्यात : नियम कोणत्या सालचे, डॉक्टर मंचाजवळ पूर्ण वेळ बसणार का, आणि मंचाखाली गाद्या किती जाड आहेत. यांपैकी एकाचंही उत्तर टाळलं गेलं, तर त्या स्पर्धेला मुलाला उतरवू नये. पदकं पुढच्या वर्षीही असतात.