सायकल आधी की फटफटी?



गेल्या अंकात आम्ही खोडव्याच्या खतमात्रेविषयी लिहिले होते. या अंकात उसाला थोडी विश्रांती देत आहोत. त्याला कारण घडले ते असे. एका गटाच्या बैठकीत एक वयस्क सभासद आम्हांला म्हणाले, "साहेब, सायकल आधी निघाली का फटफटी?" मंडळी हसली. पण प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. सायकल आधी निघाली हे खरे. मात्र सायकल आणि फटफटी यांच्या मध्ये तीनचाकी उभी आहे. आणि आपल्या वजनकाट्यावर जी टायरगाडी नि जो ट्रॅक्टर येतो, त्यांतल्या कितीतरी गोष्टींना याच सायकलवाल्यांनी वळण लावलेले आहे.

सुरुवात जर्मनीतल्या मानहाइम शहरी झाली. कार्ल ड्राइस नावाचा गृहस्थ बाडेन राज्याच्या वनखात्यात अधिकारी होता. पगार खात्याचा आणि डोके यंत्रात, असा त्याचा प्रकार. त्याने लाकडाची दोन चाके एकामागे एक लावली, मध्ये बसायला पाट ठेवला आणि पुढचे चाक वळवायला दांडा बसवला. पायडल नाही, साखळी नाही. पाय जमिनीला रेटत पळायचे आणि वेग आला की पाय उचलायचे. १२ जून १८१७ रोजी तो या यंत्रावर मानहाइमहून निघाला आणि जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटरचा पल्ला तासाच्या आत मारून आला. दोन चाकांवर माणूस पडत नाही, ही गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली.

याच वेळी हे का सुचले? इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५ साली फुटला आणि त्याच्या राखेने १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच झाला नाही. पिके गेली, ओटचा दाणा महागला, घोडे पोसणे परवडेना. म्हणून माणूस बिनघोड्याच्या गाडीकडे वळला, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. इतर अभ्यासकांना तो मान्य नाही. आम्हांला मात्र तो पटण्यासारखा वाटतो. कडब्याचा भाव वाढला की बैलजोडी विकायला निघते, हे आपण पाहतोच की!

पुढे जवळजवळ पन्नास वर्षे गाडे तिथेच अडले. १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. ते कोणी बसवले यावर भांडण आहे. लोहारकाम करणारा प्येर मिशो म्हणतात, कोणी प्येर लालमाँचे नाव घेतात. अमेरिकेतले १८६६ चे पेटंट मात्र लालमाँच्या नावावर आहे. चाके लाकडी, वर लोखंडी धाव, रस्ते दगडांचे. इंग्रजांनी तिला नावच ठेवले 'बोनशेकर', म्हणजे हाडे खिळखिळी करणारी. १८६९ साली पॅरिसच्याच ज्यूल स्युरिरेने सायकलच्या आसासाठी छऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. टायरगाडीच्या तुंब्यात आज जी बेअरिंग असतात, त्यांची ही आजीच म्हणायची.

मग मोठ्या चाकाची सायकल आली. चित्रात पाहून आपण हसतो, पण त्यामागे हिशोब होता. पायडल थेट चाकाला, म्हणजे पाय एकदा फिरला की चाक एकदाच फिरणार. तीन फुटी चाक एका फेऱ्यात साडेनऊ फूट जाते आणि साडेचार फुटी चाक चौदा फूट. तेव्हा वेग हवा तर चाक मोठे करा; पाय पुरतील तितके मोठे! पण एवढे लाकडी चाक उचलणार कोण? इथे तारांचे आरे कामी आले. आपल्या बैलगाडीचा लाकडी आरा ओझे दाबून पेलतो. तार दाबली तर वाकते, पण ताणली तर तुटत नाही. पॅरिसच्या मेयरने १८६९ मध्ये आणि इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावच्या जेम्स स्टार्लीने १८७० मध्ये ताणलेल्या तारांची चाके केली. स्टार्ली मूळचा शिलाई मशीनच्या कारखान्यातला माणूस. चाक हलके झाले, पण स्वार उंचावर. वाटेत धोंडा आला की माणूस हँडलवरून डोक्यावर. म्हाताऱ्यांनी आणि लुगडे-झग्याच्या बायकांनी चढायचेच कसे?

त्यांच्यासाठी तीनचाकी. आमच्या मते या सगळ्या कथेतली खरी मोलाची गाडी हीच, आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त धावते, आतले कमी, नि काही बिघडत नाही. पण आसातूनच जोर देऊन दोन्ही चाके फिरवायची म्हटले की अडचण येते. दोन्ही सारखीच फिरली तर गाडी वळायला तयार होत नाही. असे सांगतात की स्टार्ली आणि त्याचा मुलगा शेजारी शेजारी बसून अशी गाडी हाकत होते. मुलाच्या पायात जोर जास्त, गाडी एकीकडे ओढली गेली आणि दोघे खाजकुइलीसारख्या आग करणाऱ्या झुडपात जाऊन पडले. त्यावर विचार करून १८७७ मध्ये त्याने तीनचाकीत डिफरन्शियल बसवले. फ्रान्समध्ये वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती अर्धशतक आधी निघाली होती, पण लोकांच्या वापरात ती तीनचाकीने आणली. १८८१ साली व्हिक्टोरिया राणीने अशा दोन गाड्या मागवल्या, मग काय विचारता!

ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्यातले डिफरन्शियल याच तत्त्वाचे. म्हणूनच फडात एक चाक चिखलात फसले की तेच गरगर फिरते आणि कोरड्यातले जागेवर उभे राहते. त्यासाठी लॉक दिलेला असतो. तो सरळ ओढीपुरताच लावावा. लॉक ठेवून ट्रॅक्टर वळवला तर दाते जातात.

१८८५ मध्ये स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल काढली. मोठ्या चाकाचे काम त्याने साखळी आणि दोन लहान-मोठ्या दातेरी चक्रांवर सोपवले. चाके बेताची, जोर मागच्या चाकाला. आज गावात दिसते ती सायकल हीच.

उरली होती धाव. ती घालवली ती एका जनावरांच्या डॉक्टरने. आयर्लंडातल्या बेलफास्ट शहरी डनलॉप नावाचे पशुवैद्य होते. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर खडखडायची. त्यांनी रबराची नळी करून लाकडी चकतीवर कापडाने बांधली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग तीनचाकीचे जुने चाक आणि हे नवे चाक अंगणात एकेक करून ढकलून पाहिले. जुने मध्येच आडवे झाले, हवेचे चाक थेट फाटकावर आदळून परत फिरले. १८८८ मध्ये पेटंट मिळाले, पण १८९० मध्ये ते रद्द ठरले; कारण थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचे पेटंट घेतलेले निघाले. थॉमसनच्या काळी सायकलच नव्हती, म्हणून त्याची कल्पना फारशी चालली नाही. बैलाच्या मानेवरचे ओझे कमी करणारी टायरगाडी या मुलाच्या तीनचाकीची देणगी आहे. मात्र हवा कमी असेल तर डांबरी रस्त्यावर ओढ पुन्हा जड होते, आणि ते बैल सांगू शकत नाही.

आता फटफटी. १८८५ मध्ये जर्मनीत कानश्टाट येथे डाइमलर आणि मायबाख यांनी दोनचाकीवर पेट्रोलसारख्या तेलाचे इंजिन बसवले. ताकद अर्धा अश्वशक्ती. गंमत म्हणजे चाके पुन्हा लाकडी आणि लोखंडी धावेची, शिवाय पडू नये म्हणून बाजूला दोन छोटी चाके. सायकलवाल्यांचे त्यांनी फारसे काही घेतलेच नाही. ते घेतले कार्ल बेन्झने. त्याची १८८६ च्या पेटंटाची मोटार चक्क तीनचाकी होती. तारांची चाके, भरीव रबराची धाव, साखळी, डिफरन्शियल. १८८८ च्या ऑगस्टात त्याची पत्नी बेर्टा नवऱ्याला न सांगता पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन अशा गाडीतून मानहाइमहून निघाली आणि शंभरावर किलोमीटर लांब फॉर्झहाइमला माहेरी पोचली. ड्राइस निघाला तेच हे मानहाइम. वाटेत तेल संपले ते औषधाच्या दुकानातून घेतले. तेलाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, साखळी सैल झाली ती लोहाराकडून ओढून घेतली, ब्रेक झिजले तिथे चामडे लावले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. ट्रॉली घाटात अडकलेल्या आपल्या ड्रायव्हरांना हे काही नवीन नाही.

विकायला म्हणून पहिली फटफटी म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी १८९४ मध्ये काढली. पाठोपाठ फ्रान्सच्या द दियाँ-बूताँ यांचे छोटे, चपळ इंजिन तीनचाकीवर बसून घरोघर गेले. इंजिन नेमके कुठे ठेवायचे हे कोणालाच उमगत नव्हते. कोणी पुढच्या चाकावर ठेवी, कोणी मागे. १९०१ मध्ये पॅरिसच्या वर्नर बंधूंनी ते खाली, दोन चाकांच्या मध्ये, पायडलच्या जागी ठेवले. वजन खाली आले, गाडी घसरेनाशी झाली आणि पुढच्या कारखानदारांनी बहुतेक तीच जागा धरली. इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डचीही पहिली मोटारसायकल १९०१ चीच. तो कारखाना मुळात सुया करणारा, मग सायकली करणारा. त्यांची बुलेट १९५५ पासून मद्रासला जोडली जाऊ लागली.

जाता जाता आणखी एक. १८८८ च्या इंग्लंडातल्या कायद्याने सायकलला रात्री दिवा आणि पुढच्याला ओलांडताना घंटी किंवा तसाच ऐकू येणारा इशारा सक्तीचा केला. आपल्या ऊसगाड्यांच्या मागे लावायचे रिफ्लेक्टर गट कार्यालयात आले आहेत. टायरगाडी आणि ट्रॉलीमालकांनी पहिल्या खेपेपूर्वी ते घेऊन जावेत.