‘मागे’ दाबले की भरलेले जाते कोठे?

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत तालुक्याच्या गावी एखाद्या सेवा केंद्रात जाऊन बसले, की एक वाक्य हमखास कानी पडते : “बॅक दाबू नको हां, सगळा जातला!” विहिरीच्या काठावरून पोरांना हाकलावे त्याच सुरात हे सांगितले जाते. हे ‘सगळा’ जाते कोठे आणि मुळात जावेच का, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही.

याचे मूळ वेबच्या घडणीत आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांना परस्परांची टिपणे सहज वाचता यावीत म्हणून. वाचणाऱ्याने पान मागावे, सर्व्हर नावाच्या दूरच्या यंत्राने ते द्यावे, की व्यवहार संपला. पुढचे पान मागणारा तोच की दुसरा, हे सर्व्हरला ठाऊक नसे. समोर आलेले प्रत्येक गिऱ्हाईक ज्याला नवेच वाटते असा हा दुकानदार! वाचनापुरते ते चालून गेले. पण दुकाने, बँका आणि कचेऱ्या वेबवर आल्या, तेव्हा हा विसरभोळेपणा अडचणीचा ठरला.

१९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी त्यावर ‘कुकी’चा तोडगा काढला. सर्व्हर ब्राउझरच्या हाती एक चिठ्ठी देतो आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक खेपेस ती दाखवतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसेच हे. बिल्ल्यात चपला नसतात, पण कोणत्या चपला कोणाच्या हे त्यावरून कळते. मात्र चपला आधी ठेवलेल्या असाव्या लागतात! आपण चौकटीत लिहिलेली पण अजून न पाठवलेली अक्षरे सर्व्हरकडे पोचलेलीच नसतात. ती केवळ समोरच्या पानात असतात. पान गेले की तीही गेली.

आता कोणी म्हणेल, की ब्राउझरनेच ती का सांभाळू नयेत? तो प्रयत्न करतोही. सोडलेले पान जसेच्या तसे स्मृतीत राखून ठेवण्याची सोय फायरफॉक्समध्ये २००५ सालीच आली. क्रोमने ती बऱ्याच उशिरा स्वीकारली. परंतु त्याच सुमारास वेबची तऱ्हा बदलली. नवे पान न मागता, आहे त्याच पानातला मजकूर बदलत राहण्याची पद्धत रूढ झाली. अर्जाचे पाच टप्पे आपल्याला पाच पाने वाटतात. ब्राउझरच्या हिशेबी ते एकच पान असते. त्यामुळे चौथ्या टप्प्यावर ‘मागे’ दाबले, की तिसरा टप्पा न येता आपण थेट अर्जाबाहेर फेकले जातो! प्रत्येक टप्प्याची नोंद ब्राउझरच्या इतिहासात करण्याची सोय आहे. ती वापरली तर ‘मागे’ म्हणजे खरोखरच एक पाऊल मागे. न वापरणे हा अर्ज बनविणाऱ्याचा आळस होय. बोलणी मात्र अर्ज भरणाऱ्या मुलाला बसतात.

मोबाईलवर तर ‘मागे’ दाबावेही लागत नाही. ओटीपीचा संदेश पाहायला क्षणभर बाहेर जावे, आणि स्वस्त फोनची स्मृती अपुरी पडल्यामुळे मागचे पान टाकून दिले जावे, हे नेहमीचेच आहे. परत यावे तो पान नव्याने उघडते आणि चौकटी रिकाम्या!

यावरचा साधा उपाय म्हणजे थोडेथोडे जतन करणे. महाडीबीटीवर वैयक्तिक माहिती, पत्ता, चालू अभ्यासक्रम, पूर्वीचे शिक्षण असे भाग पाडून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे जतन करायला लावतात, ते योग्यच आहे. जतन झालेला भाग सर्व्हरकडे पोचतो; मग वीज जावो की नेटवर्क. दुसरा उपाय म्हणजे मजकूर त्याच यंत्रातल्या ब्राउझरच्या कप्प्यात ठेवणे. यातला एक कप्पा टॅब बंद करताच रिकामा होतो, दुसरा तसाच राहतो. घरच्या संगणकावर दुसरा सोयीचा. पण सेवा केंद्रात एकाच संगणकावर दिवसभर अनेकजण बसतात. तेथे एकाचा आधार क्रमांक नि बँकखाते पुढच्याच्या नजरेस पडता कामा नये. काही वेळ हालचाल नसली की आपल्याला बाहेर काढतात, तेही याचकरिता. अर्थात, काढण्यापूर्वी सूचना देऊन मसुदा राखून ठेवला तर सुरक्षिततेत कोणती उणीव येते, हे मला कळत नाही.

एके ठिकाणी मात्र केंद्रवाल्याचा इशारा अक्षरशः पाळावा : पैसे भरताना. तेथे ‘मागे’ किंवा ‘रिफ्रेश’ केल्यास तीच मागणी सर्व्हरकडे पुन्हा जाऊ शकते. जाणते प्रोग्रॅमर प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक देतात. त्यामुळे तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर सर्व्हर पैसे पुन्हा न घेता पहिलीच पावती दाखवतो.