गिरण्या संपाने संपल्या नाहीत

एसटीचा संप असो, बेस्टचा असो की अंगणवाडी सेविकांचा, कुणीतरी हमखास बोलतंच: ‘दत्ता सामंतांनी गिरण्या बुडवल्या, आता हे लोक हेही बुडवणार.’ टीव्हीवरच्या चर्चेत, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत हे ऐकू येतं. ज्यांच्या घरची एक पिढी लालबाग-परळच्या गिरण्यांत राबली, त्यांची नातवंडंही तेच म्हणतात, तेव्हा जास्त वाईट वाटतं. म्हणून एकदा नीट, तारीखवार पाहू.

आधी जे खरं आहे ते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या साठच्या आसपास गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. संप दीड वर्षाहून अधिक चालला आणि रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही. एक लाखाहून जास्त कामगारांना पुन्हा काम मिळालं नाही. हजारो घरांची घडी विस्कटली. तडजोडीची वाट वेळीच शोधायला हवी होती, ही टीकाही रास्त आहे. पण कामगार हरले म्हणजे गिरण्या संपाने मेल्या, हा निष्कर्ष यातून निघत नाही.

गिरण्यांचा आजार संपाच्या कितीतरी आधीचा होता. आजारी गिरण्या चालवण्यासाठी केंद्र सरकारला १९६८ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ काढावं लागलं. १९७४ साली कायदा करून देशभरातल्या १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यांत मुंबईतल्याही होत्या. तेव्हा सामंतांचा संप आठ वर्षं दूर होता. मग त्या गिरण्या कुणी आजारी पाडल्या?

उत्तर भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत सापडतं. १९५६ पासून गिरण्यांनी नवे माग बसवण्यावर सरकारने मर्यादा घातली होती. हेतू हातमाग वाचवण्याचा होता, फायदा यंत्रमागाचा झाला. करांत सवलत, बारा-बारा तासांची पाळी, कमी मजुरी, कामगार कायद्यांपासून मोकळीक. अशा यंत्रमागाच्या कापडाशी गिरणीचं कापड किमतीत टिकेना. १९५१ साली देशातल्या कापडाचा मोठा हिस्सा गिरण्या विणत होत्या. १९८१ पर्यंत तो निम्म्याच्या खाली आला होता. याच काळात अनेक मालकांनी नफा नव्या यंत्रांत न घालता दुसऱ्या धंद्यांत वळवला. संपकाळात तर काही मालकांनी भिवंडीतून कापड विणून घेऊन आपल्या छापाने विकलं.

‘सामंतांनी कामगारांना फितवलं’ हेही असंच. १९८१ च्या दिवाळीत बोनसचा वाद पेटला. मान्यताप्राप्त संघटनेने केलेला करार कामगारांना पटला नाही आणि ते स्वतः घाटकोपरला सामंतांच्या दारात गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटी करण्याचा हक्क फक्त एका प्रातिनिधिक संघटनेला होता, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगाराचा तिच्यावर विश्वास उरला नसला तरी दुसरी वाट नव्हती. म्हणून पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणं यांच्याबरोबरीने ही मक्तेदारी मोडण्याची मागणी संपात होती. सरकारला सगळ्यात जास्त टोचली ती हीच मागणी.

आता संपानंतरचं. बहुतेक गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, कमी कामगारांवर. सरकारने १९८३ साली आणखी १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. भोंगे एकेक करून कायमचे थांबले ते मुख्यतः नव्वदच्या दशकात आणि २००० नंतर, आणि त्याला कारण होतं जमिनीचं. गिरण्यांखाली मध्य मुंबईतली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या कलमाने ती विकायला परवानगी दिली. अट अशी की एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू केली, बांधकामाखालची जमीन वगळली. सार्वजनिक हिस्सा एकदम आक्रसला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. त्याआधी, २००५ साली, वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे २,००० कोटी रुपयांना विकल्या. ज्या जागेवर कापड विणण्यापेक्षा टॉवर बांधणं कितीतरी पटींनी किफायतशीर झालं, तिथे गिरणी चालू ठेवण्यात कुणाला रस असणार होता? या हिशेबात १९८२ चा संप कुठे बसतो, हे ‘संपाने बुडवलं’ म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं.

दुसरा समज जुना आणि अभ्यासकांतही रुजलेला: गावाकडे डोळे लावून बसलेला चाकरमानी हा खरा कामगार नव्हेच, एक पाय शेतात असल्याने त्याला लढता येत नाही. घडलं नेमकं उलट. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून आलेला माणूस गावच्याच माणसाच्या ओळखीने गिरणीत लागला, गाववाल्यांच्या गाळ्यात राहिला, मनीऑर्डर धाडत राहिला. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलं आहे की मुंबईचे दीर्घ संप टिकले ते या गावाच्या आधारावर. १९२८ चा संप सहा महिने चालला. १९८२ मध्येही हजारो संपकरी गावी गेले, गावांतून धान्य आलं.

आणि हा प्रवास एकेरी नव्हता. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी खानापूर तालुक्यात परतलेल्या संपकऱ्यांनी गावकऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना सोबत घेऊन ‘मुक्ती संघर्ष’ चळवळ उभी केली. दुष्काळ का पडतो, येरळा नदीतली वाळू कोण उपसतो, रोजगार हमीची कामं पाण्यासाठी का होत नाहीत, हे प्रश्न त्यांनी विचारले. त्यातून बलवडी आणि तांदूळवाडी या गावांनी येरळेवर बळीराजा धरण बांधलं आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्यात समान वाटा हे तत्त्व मांडलं. समन्यायी पाणीवाटपाचा जो विचार पुढे कृष्णा खोऱ्यातल्या आंदोलनांनी उचलून धरला, त्याच्या मुळाशी गिरणीत संघटना शिकून आलेली माणसं होती. संप हरला, पण त्यात घडलेल्या माणसांनी गावातला पाण्याचा हक्क बदलायला घेतला. ‘संपाने काय मिळालं?’ असं विचारणाऱ्यांना ही गोष्ट सहसा ठाऊकच नसते.

बाकीचे समज थोडक्यात.

रविवारची सुट्टी इंग्रजांच्या धर्मामुळे आपोआप मिळाली. नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजारांच्या सह्यांचं निवेदन दिलं आणि मालकांनी ती मान्य करेपर्यंत १८९० साल उजाडलं.

शहरात आलं की जात गळून पडते. गिरणीत जास्त पगार साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि सवर्णांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. स्थलांतराने जात मोडली नाही. जिथे तिच्याशी भांडण झालं तिथेच ती हलली.

गिरणगाव पुरुषांचं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. पुढे नोकरकपातीत त्यांनाच आधी काढलं गेलं. त्यानंतरही एकट्या राहणाऱ्या कामगारांना खाणावळवाल्या बायकांनीच जेवू घातलं. या बायकांना सावकारी व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

कामगारांना फुकट घरं मिळाली. फुकट नाहीत. २०२० च्या सोडतीत मुंबईतल्या घराची किंमत साडेनऊ लाख रुपये होती. दीड लाखाहून अधिक अर्जांपैकी बहुतेकांना घर मिळालेलंच नाही, आणि वाट पाहता पाहता अनेक अर्जदार गेले.

संपाची चिकित्सा जरूर करावी. नेतृत्व कुठे चुकलं, किती काळ ताणावं, तडजोड कधी करावी, हे पुढच्या प्रत्येक आंदोलनाला शिकण्यासारखं आहे. पण ती चिकित्सा १९८२ पासून सुरू होऊन १९८३ ला संपत असेल, तर तिला इतिहास म्हणू नका. तिच्यात १९५६ ची मागावरची मर्यादा, १९७४ चं राष्ट्रीयीकरण, १९९१ ची नियमावली आणि २००१ ची दुरुस्ती धरा, मग दोष कुणाचा किती ते ठरवा. आणि उद्या एखादी आशा सेविका किंवा एसटीचा वाहक संपावर बसला, तर गिरण्यांचं नाव घेऊन त्यांना गप्प करू नका. त्यांच्या मागण्या काय आहेत ते आधी वाचा.