चमत्कार कीं नियम ?

‘गणित रुक्ष आहे’ ही तक्रार जितकी जुनी, तितकाच तिच्यावरचा घरगुती उपायही जुना : मुलास अंकांची एखादी गंमत दाखवावी आणि त्यानें तोंडांत बोट घालतांच आपण समाधान मानावें. पाढे तोंडपाठ असूनही गणितास भिणारीं मुलें आम्हीं अध्यापनाच्या काळांत पुष्कळ पाहिलीं. त्यावरून हा उपाय अर्धाच आहे, असें आमचें मत झालें आहे. गंमत दाखविल्यावर ‘असें कां ?’ हेंही विचारलें पाहिजे.

उदाहरण घेऊं. नऊ एके ओळीनें मांडून त्या संख्येचा वर्ग केला असतां १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. एकापासून नवापर्यंत चढावें आणि तसेंच उतरावें ! महावीराचार्यांच्या नवव्या शतकांतील ‘गणितसारसंग्रहां’त सहापर्यंत चढून उतरणारी अशीच संख्या आढळते. आम्हां पनवेलकरांस तर हिचें अधिकच कौतुक वाटावें. कारण हिच्या कुळाचें ‘डेम्लो’ हें नांव जवळच्याच डोंबिवली स्टेशनावरून पडलें आहे. तें ठेवणारे श्री. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते.

ह्या कुळाची खूण अशी : संख्येचे तीन भाग पाडावे; पहिल्या व शेवटच्या भागाच्या बेरजेंत जो अंक पुनःपुनः येतो, तोच मधल्या भागांत असावा. १६५ मध्यें १ व ५ मिळून ६ होतात. आपल्या संख्येंत १२३४५६७८ व ८७६५४३२१ मिळून ९९९९९९९९ होतात, आणि मध्यें ९ आहेच.

अंकांच्या बेरजेनें जिला निःशेष भाग जातो, त्या संख्येस कापरेकरांनीं ‘हर्षद’ म्हटलें; हर्ष देते ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहावें, १२३४५६७९ चा वर्ग बरोबर हातीं येतो. परंतु १२१ ला ४ नें भाग जात नाहीं. असें कां ? नऊ एक्यांपर्यंत, जितके एके घ्यावे त्या संख्येचा वर्ग हीच अंकांची बेरीज असते. म्हणून एक्यांच्या ओळीस त्यांच्या संख्येनें भाग गेला, तरच वर्ग हर्षद ठरतो. नवांपर्यंत हें एक, तीन व नऊ एक्यांसच साधतें.

दहा एके घेतले तर ? उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येतें. गुणाकारांत मधल्या उभ्या ओळींत दहा एके जमतात, हातचा पुढें जातो आणि जिना तुटतो. तो कोठें तुटतो हें ज्या मुलानें स्वतः शोधलें, त्यास तो कां जुळत होता हेंही कळलें.

कापरेकरांच्या ह्या छंदाची दखल मार्टिन गार्डनर यांनीं १९७५ सालीं अमेरिकेंतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत घेतली. तोंवर अशा संख्यांस पोरखेळ म्हणणारेही होते. खेळ तो खराच. पण कारण विचारलें कीं तेथूनच शास्त्र सुरू होतें. तेव्हां पालकांनीं आज मुलापुढें पाटी ठेवावी, ११ पासून आरंभ करण्यास सांगावें आणि उत्तर सांगण्याची घाई करूं नये.